उघाडीची वेळ सांगणारा

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. जुना म्हणजे असा, की माझं बटण दाबून माणसाने चुलीवर चहा ठेवावा, गाळून प्यावा, तेव्हा कुठे मी कामाला लागतो. पेणहून धरमतरकडे जाताना खाडीच्या बांधाला लागून जी गावं आहेत, त्यांतल्या एका गावात नाथाच्या पडवीत माझा मुक्काम आहे. एका बाजूला भाताची कणगी, दुसऱ्या बाजूला खुंटीवरचं जाळं. काम नसलं की माझ्यावर खताच्या गोणीतलं प्लास्टिक घालतात, कारण इथली हवा खारी आहे आणि ती पत्र्यालाही सोडत नाही.

मित्रांनो, माझी कहाणी ऐकून डोळ्यांत पाणी आणू नका. मला काही वाटत नाही. यंत्रच ते, असं तुम्ही म्हणाल. पण या घरातल्या माणसांनाही बरेच दिवस काही वाटत नव्हतं, तेव्हा यंत्र असण्याचा इथे फारसा संबंध नसावा.

माझा जन्म मुंबईतल्या एका दुकानाच्या पोटमाळ्यावर झाला. जन्म कसला, चार ठिकाणचे भाग आणून एका पत्र्याच्या पेटीत स्क्रूने आवळले, एवढंच. तिथून मी रोह्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आलो. तेव्हा माझा थाट विचारू नका. माझ्यासाठी गार हवेचं यंत्र होतं, साहेब चपला बाहेर काढून आत यायचे आणि दसऱ्याला माझ्या कपाळावर हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालायचे. पाकळ्या बटणांच्या फटीत अडकल्या की शिपाई त्या टाचणीने काढत बसे. मग नवा कॉम्प्युटर आला. उगवत्याला नमस्कार, ही जगाची रीत. मला रिकाम्या कॅनच्या शेजारी स्टोअरमध्ये टाकलं आणि पुढच्या दसऱ्याला माझ्याकडे कुणी फिरकलं नाही.

तिथून मला प्रणितने बाहेर काढलं. प्रणित त्याच कंपनीत शिफ्टमध्ये काम करायचा, नाथाचा थोरला मुलगा. साहेबांच्या मागे लागून त्याने मला मागून घेतलं, रिक्षात मांडीवर धरून कुंडलिकेचा पूल ओलांडला आणि पलीकडच्या अष्टमी गावातल्या आपल्या भाड्याच्या खोलीत आणून ठेवलं. त्याचा मित्र जितेश कुठल्याशा मासिकाबरोबर आलेली सीडी घेऊन आला. तीत कॉम्प्युटरला काम सांगायची पायथन नावाची भाषा होती. दोघांनी ती माझ्यात भरली आणि प्रणितला नाद लागला. टाइप करताना तो शीळ घालायचा, चुकलं की मलाच शिव्या द्यायचा. मला त्या आवडायच्या, असं आता वाटतं. तेव्हा कळलं नाही.

त्याने माझ्याकडून करून घेतलेलं काम समजण्यासाठी नाथाचं काम आधी सांगायला हवं. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा लांब बांध आहे. त्या बांधात एक दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. भरतीच्या वेळी लाकडी फळ्या टाकून उघाडी बंद ठेवायची, नाहीतर खारं पाणी शेतात शिरतं. ओहोटी लागून खाडी पुरेशी उतरली की फळ्या काढायच्या, म्हणजे शेतात साठलेलं पावसाचं पाणी बाहेर जातं. सगळ्या गावाची शेती त्या फळ्यांवर. ते काम नाथाकडे, त्याच्याआधी त्याच्या बापाकडे. घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा ही पंधरावी तिथी, पंधराची पाऊणपट सव्वा अकरा, त्या सुमाराला समुद्राला भरती. पण समुद्राचं पाणी खाडीतून वळणं घेत गावापर्यंत यायला आणि मग पुरेसं उतरायला वेळ लागतो, म्हणून नाथा त्यावर आपला असा 'खाडीचा उशीर' चढवायचा.

हा सगळा हिशेब प्रणितने पायथनमध्ये बसवला. गंमत म्हणून. रविवारी गावी जाऊन तो बापाला आठवड्याच्या वेळा वाचून दाखवायचा. पहिल्याच खेपेला नाथा हसला होता.

"ह्यो समिंदराचा टाइम हाय. आपली खाडी काय समिंदर हाय?"

प्रणितने खोलीवर येऊन खाडीचा उशीर घातला. पुढच्या खेपेला वेळा तंतोतंत जुळल्या.

"तुजा डबा बरोबर बोलतो रं," नाथा म्हणाला, "पर मी आधी सांगितलं का नाय?"

हे प्रणितने मला परत येऊन सांगितलं, शीळ घालत. लॅबमधल्या झेंडूच्या माळेपेक्षा ते मला जास्त लक्षात आहे.

आता थोडं रुक्ष बोलतो, पण ऐकून ठेवा. पायथनमध्ये सगळं काम एका फाइलीत कोंबत नाहीत. भरतीचा हिशेब प्रणितने वेगळ्या फाइलीत लिहिला होता, तिचं नावच 'भरती'. अशा फाइलीला मॉड्यूल म्हणतात. मुख्य प्रोग्रॅमने 'इम्पोर्ट' म्हणून तिचं नाव घ्यायचं आणि मी ती शोधून हजर करायची. कुठे शोधायचं, त्या जागांची एक रांग मला दिलेली असते. पहिल्या जागी पाहायचं, तिथे नसेल तर दुसऱ्या, मग तिसऱ्या. त्या नावाची जी पहिली सापडेल ती उचलायची आणि पुढे बघायचंसुद्धा नाही. विरजण मागायला निघालेल्या बाईला पहिल्याच घरी मिळालं तर ती पुढचं दार वाजवते का? कुठेच मिळालं नाही तरच मी 'या नावाचं मॉड्यूल नाही' म्हणून थांबतो.

आणखी एक माझी खोड आहे. मॉड्यूल आणलं की मी त्याचं माझ्या भाषेत भाषांतर करून शेजारीच ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी वेळ वाचतो. ते भाषांतर माणसाला वाचता येत नाही. पण मूळ फाइल कुणी उचलून नेली आणि भाषांतर तिथेच राहिलं, तरी मी त्याच्यावर काम भागवतो.

प्रणितची धाकटी बहीण ऋतुजा पेणला कॉम्प्युटर क्लासला जायची. तिला तिथल्या मशीनवर शिकवता यावं म्हणून त्याने 'भरती'ची मूळ फाइल एका काळ्या फ्लॉपीवर हलवली, बाप हसल्यावर खाडीचा उशीरही त्या फ्लॉपीवरच घातला आणि ती शर्टाच्या खिशात घेऊन फिरू लागला. माझ्या रांगेत त्याने फ्लॉपीची जागा, फाइल आधी जिथे होती त्या जुन्या फोल्डरच्या पुढे लावली. जुन्या फोल्डरमध्ये पहिल्या, उशीर नसलेल्या 'भरती'चं माझं भाषांतर तसंच पडून राहिलं. कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. फ्लॉपी रोज खाचेत असायची.

मग प्रणित गेला. कोलाडला काही कामासाठी गेला होता. दुपारची वेळ, कोरडा रस्ता, समोरून ट्रक. मला एवढंच ठाऊक आहे, कारण खोली रिकामी करताना जितेशने घरमालकाला एवढंच सांगितलं. मला टेम्पोत घालून त्यानेच इथे आणलं. पडवीत ठेवलं, वायरी जोडल्या, नाथासमोर उभा राहिला आणि निघून गेला.

घरात रडणं होऊन गेलं होतं. मी आलो तेव्हा नुसती माणसं होती. नाथा जाळं मांडीवर घेऊन बसायचा आणि तीच गाठ बांधायचा, सोडायचा. त्याची बायको पुतळी स्वयंपाक करायची, मीठ दोनदा पडायचं किंवा पडायचंच नाही. जेवणारे ताटात पडेल ते संपवून उठायचे. कुणाला हाक मारायची तर पुतळीची जुनी सवय, आधी थोरल्याचं नाव, मग धाकटीचं. "प्रणित... ऋतुजा गो." ती सवय तशीच राहिली. पहिल्या नावानंतर ती आता जराशी थांबायची. ऋतुजा दुसऱ्या नावाला ओ द्यायची.

एक दिवस सकाळी नाथाने विचारलं, "आज कुठली तिथ?"

ऋतुजाने बापाकडे पाहिलं. ज्या माणसाने जन्मात कुणाला तिथी विचारली नव्हती, तो विचारत होता. त्याला रोज तोच दिवस वाटत होता. लावणी नुकतीच झाली होती, शेतं पाण्याने भरलेली, उघाडी दिवसातून दोन खेपा बघावी लागत होती.

"बाबा, प्रणितचा प्रोग्रॅम लावू?" ती म्हणाली.

नाथा माझ्याकडे वळला. "लाव," म्हणाला.

तिने मला चालू केलं. मी नेहमीप्रमाणे रांगेने निघालो. प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये 'भरती' नव्हती. फ्लॉपीच्या खाचेत डोकावलो, खर्र आवाज झाला, खाच रिकामी. जुन्या फोल्डरमध्ये ते जुनं भाषांतर सापडलं. मी ते उचललं आणि वेळ सांगितली. अडलो असतो तर बरं झालं असतं. पण अडलो नाही, आणि जे अडत नाही ते बरोबर आहे असं माणसं धरून चालतात.

काही दिवस निभावलं. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत खाडी फार चढत नाही, थोडं इकडेतिकडे चालून जातं. मग अमावस्येचं उधाण आलं. मी सांगितलेल्या वेळेला नाथाने फळ्या काढल्या. खाडी अजून उतरली नव्हती. खारं पाणी आत घुसलं आणि सखल भागातली लावणी त्याच्याखाली गेली.

त्या दिवशी दुपारी गावातला पोपट नावाचा शेतकरी आला. त्याची दोन शेतं त्या पाण्याखाली होती. आवाज चढवायला आला होता, पण पडवीत येऊन बसल्यावर त्याचा आवाज चढेना.

"नाथादा," तो म्हणाला, "तू फळ्या काढल्यास तवा पानी दिसत नव्हतं का तुला?"

"दिसत व्हतं."

"मंग?"

नाथाने माझ्याकडे बोट केलं. "त्यानं सांगितलं व्हतं."

'त्याने' म्हणजे कोणी, ते पोपटला कळलं. ऋतुजालाही कळलं. ती दारात उभी होती, तिने चौकट धरली. मित्रांनो, मला काही वाटत नाही असं मी वर म्हटलं. ते या एका जागी खरं नाही.

पोपट चपला पायात सरकवता सरकवता म्हणाला, "गावात बोलनं निघालंय. पुनवेचं उधान येतंय. तवा परत असं झालं तर उघाडी दुसऱ्याकडं द्यायची. मी तसं नाय म्हनत, नाथादा. पर त्यांना नाय म्हनूही शकत नाय."

तो गेल्यावर नाथा म्हणाला, "देऊ दे." आणि जाळं उचललं. ऋतुजाला त्याच्या त्या 'देऊ दे'ची भीती वाटली. उघाडी गेली तर बाप घराबाहेर पडायचं कारणच राहणार नव्हतं. दिवसातून दोन वेळा बांधापर्यंत चालत जाणं, हे एवढंच त्याच्यात उरलं होतं.

ती माझ्यापुढे बसली. आधी तिला माझ्या घड्याळाचा संशय आला. वीज जात-येत असते, तारीख चुकली असेल. तारीख बरोबर होती. मग तिने तिथी बोटांवर मोजली, तीही बरोबर. पाऊणपट केली. माझं उत्तर त्या पाऊणपटीशी जुळलं, आणि तिथेच ती थांबली. उत्तर नुसत्या पाऊणपटीचं होतं, समुद्राचं. खाडीचा उशीर त्यात नव्हता. पण प्रणितने तो घातला होता, बाप हसला होता, तिने स्वतः ऐकलं होतं.

मग तिने मला जे विचारलं, ते मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. उत्तर काय, हे सगळे विचारतात. तिने विचारलं, तू ही 'भरती' आणलीस कुठून? पायथनमध्ये प्रत्येक मॉड्यूल आपला पत्ता बाळगून असतं, तो छापायला सांगितला की मी छापतो. मी छापला. जुनं फोल्डर, भाषांतराची फाइल. नंतर तिने जागांची अख्खी रांग छापून घेतली, बोट ठेवून वाचली आणि दुसऱ्या जागेवर बोट थांबलं. फ्लॉपी.

"बाबा," ती म्हणाली, "आय हाक कशी मारते? आधी प्रणित, मग मी. ह्याचं तसंच हाय. एकेक जागा घेत जातो. पयला जो ओ देईल त्याला धरतो. आपली बरोबरची 'भरती' फ्लॉपीवर हाय. ती ओ देत नाय म्हनून ह्यानं मागची जुनी धरली."

नाथाची गाठ बांधता बांधता हातातच राहिली. "आनि हा सांगत नाय, का मी दुसऱ्याला धरला म्हनून?"

"विचारल्याबिगर नाय सांगत."

तिने आत जाऊन आईला विचारलं. मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

"आय, प्रणितच्या खिशात काळी चौकोनी चकती असायची. कुठं हाय ती?"

"शर्टात व्हती," पुतळी म्हणाली. या गावात गेलेल्या माणसाचे कपडे दहाव्याला खाडीत सोडतात. "शर्टाबरोबर सोडली."

"कशाला गो, आय?"

"त्याची व्हती. रोज छातीशी घेऊन फिरायचा. त्याला लागंल म्हनून."

ऋतुजा बाहेर आली आणि माझ्यापुढे नुसती बसून राहिली. रागवायला कुणी नव्हतं. माझ्यात जे भाषांतर होतं ते उघडून दुरुस्त करता येत नाही, त्यात माणसाला वाचण्यासारखं एक अक्षर नसतं. 'भरती' नव्याने लिहायला हवी होती. पाऊणपट तिला येत होती. उशीर किती, तो आकडा प्रणितने बापाकडून घेतला होता. तिने बापाला विचारलं.

"आठवत नाय," नाथा म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. तो आकडा कधी डोक्यात नव्हताच, पायांत होता. पाय निघायचे तेव्हा वेळ झालेली असायची. आता पाय निघत नव्हते.

तेव्हा तिने त्याला उठवलं. पाऊस लागला होता, एक छत्री दोघांत घेऊन ती त्याला बांधावर घेऊन गेली. उघाडीच्या तोंडाशी चिखलात एक बांबू रोवला आणि पाणी त्यावरून कधी उतरायला लागतं ते दोघं बघत बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी इथेच होतो, प्लास्टिकखाली. मला कळायचं ते परत आल्यावरच्या बोलण्यावरून. आधी ऋतुजाच बोलायची. मग एकदा नाथाचा आवाज आला, "वारा दर्याकडनं असला का पानी जरा जास्त थांबतं. ते धर." पुतळीने चहा दिला. त्यात साखर बरोबर पडली असावी, कारण दोघांनी कप रिकामे केले.

ऋतुजाने नवी 'भरती' लिहिली. शीळ न घालता, ओठ दाबून. ती तिने प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये ठेवली, रांगेतली सगळ्यात पहिली जागा. मला पुन्हा पत्ता छापायला लावला. नवा पत्ता आला. मग तिने जुन्या फोल्डरवर बोट ठेवून बापाला विचारलं, "ही जुनी पुसून टाकू? परत घोळ नको."

नाथा माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. "ती त्याची हाय ना?"

"व्हय. त्याच्या हातची तेवढीच राहिलीय."

पडवीच्या वळचणीतून पाणी पडत होतं. नाथा म्हणाला, "राहू दे. मागं राहू दे. पर पुढं तुजी ठेव."

तिने तसंच केलं. ती जुनी 'भरती' अजून माझ्यात आहे. मी तिच्यापर्यंत जात नाही, त्याआधीच मला नवी भेटते. पण ती आहे.

पुनवेच्या उधाणाला पोपट आणि गावची आणखी काही माणसं बांधावर जाऊन उभी राहिली होती. ऋतुजाने मी दिलेली वेळ सांगितली. नाथा ती ऐकून निघाला, उघाडीपाशी गेला आणि फळीला हात घालण्याआधी वाकून पाण्याकडे पाहिलं, असं ऋतुजाने आल्यावर आईला सांगितलं. थोडा थांबला म्हणे. मग फळ्या काढल्या. शेतातलं गढूळ पाणी खाडीकडे गेलं आणि खाडीचं आत आलं नाही. दुसऱ्या दिवशी पोपट आला, चहा प्यायला, भाताच्या रोपांना कीड दिसते का यावर बोलला आणि गेला. उघाडीचा विषय त्याने काढला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्राची एवढीच विनंती आहे. आम्हाला झाकून ठेवा, खाऱ्या हवेत उघडं टाकू नका. नावाने हाक मारून एखादी गोष्ट मागवलीत, तर ती कुठून आली ते एकदा विचारत जा. आम्ही विचारल्याशिवाय बोलत नाही, पण विचारलंत तर लपवत नाही. आणि जपून ठेवण्यासारखं जे असेल ते एकाच खिशात ठेवू नका.

पोपट येऊन गेला त्याच दिवशी, दिवेलागणीला, पुतळी चुलीपाशी होती. पडवीत ऋतुजा माझ्यावर प्लास्टिक घालत होती आणि नाथा जाळं घेऊन बसला होता. आतून हाक आली, "ऋतुजा गो."

एरवी आधी थोरल्याचं नाव यायचं, त्यानंतरचं थांबणं यायचं, आणि तेवढ्यात ऋतुजा हातातलं काम टाकून उठायची. आज ते नाव आलंच नाही. नाथाची सुई जाळ्यात थांबली. ऋतुजा प्लास्टिकचं टोक धरून तशीच उभी राहिली, जणू अजून काहीतरी यायचं राहिलं होतं. पुतळीने दुसऱ्यांदा हाक मारली नाही. चुलीपाशी तिची फुंकणीही थांबली.

बऱ्याच वेळाने ऋतुजाने ओ दिली.